अकराव्या भाकरीला

त्रास नेमका कधी होतो, असं डॉक्टर विचारायचे आणि मी खरं तेच सांगायचे: अकराव्या भाकरीला. पहिले दोन डॉक्टर हसले. एकाने चष्म्याचा नंबर बदलून दिला, दुसऱ्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मला आठ महिने लागले. ते आठ महिने आणि त्यापुढचं एक वर्ष मी इथे लिहीत आहे. कुणाच्या तरी घरात एखादी बाई आत्ता ओट्याला टेकून उभी असेल आणि तिला सगळे आळशी म्हणत असतील, तर तिच्यासाठी.

आम्ही पुण्याजवळच्या भुकूमचे. माझ्या लग्नाच्या वेळी रस्त्यापलीकडे भातखाचरं होती, आता तिथे इमारती आहेत. आम्हीही घरावर मजला चढवला, चार खोल्या भाड्याने दिल्या आणि भाडेकरूंना दोन वेळचा डबा सुरू केला. सकाळच्या तीस भाकरी मी एकटी करायचे. मला त्याचा गर्वच होता म्हणा ना.

आणि मग एका सकाळी अकराव्या भाकरीला हात थांबले. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. नुसते थांबले. पीठ परातीत, तळवा पिठावर, आणि भाकरी काही फिरेना. पंधरा मिनिटं टेकून बसले, तर हात पुन्हा पहिल्यासारखे. दुसऱ्या दिवशीही तसंच, पहिल्या दहा झकास आणि अकरावीला बोंब.

असा आजार कोण खरा मानेल? मी स्वतः मानला नसता. जावेला झाला असता तर मीच म्हणाले असते, कामाच्या वेळी बरे बाई तुझे हात गळतात.

वन्संच्या घरची हळद

हळूहळू हातांबरोबर बाकीच्याही गोष्टी बंड करू लागल्या. दुपारनंतर डावी पापणी अर्ध्यावर यायची. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, मला बघून म्हणायच्या, "डोळं का मिटाय लागलंय? रात्रभर काय मोबाईल बघत व्हतीस?" जेवता जेवता जबडा थकायचा. बोलता बोलता आवाज नाकात जायचा, आणि आमचे मिस्टर, दत्तात्रय, विचारायचे की मी रुसले का.

सगळ्यात वाईट झालं ते हसण्याचं. नणंदेच्या मुलाची हळद होती. आदल्या दिवसापासून मी राबत होते. संध्याकाळी फोटोला सगळ्यांबरोबर उभी राहिले, आणि मी हसले. आतून अगदी मनापासून हसले. पुढे फोटो आले तेव्हा बघितलं, तर वरचा ओठ नुसता उचललेला, दात दिसतायत, गाल जागचे हलले नाहीत. चिडून कुणाच्या अंगावर जाणारी बाई दिसत होती.

वन्सं आत्याबाईंना म्हणाल्या, "माझ्या घरच्या कार्यात वैनी तोंड वाकडं करून बसली व्हती. सगळ्या पाव्हण्यांनी बघितलं." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी समजावायला फोन केला, तर माझा आवाज गेंगाणा यायला लागला आणि त्यांना वाटलं मी त्यांना वेडावतेय. त्यांनी फोन ठेवला. मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. हात गेले तर माणूस कामातून जातं, पण हसू गेलं तर नात्यातून जातं, हे माझ्या लक्षात आलं.

बर्फ

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत टेरेन्स राहतो. अमेरिकन आहे. कासार आंबोलीच्या बाजूला एक निवासी शाळा आहे, तिथे तो मुलांना बास्केटबॉल शिकवतो. उंची अशी की आमच्या जिन्यात त्याने पहिल्या आठवड्यात तीन वेळा कपाळ आपटलं, तेव्हा दत्तात्रयांनी तिथे जुनी उशी बांधून दिली. आत्याबाई त्याला नावाने हाक मारत नाहीत, "पाव्हणं" म्हणतात. मला तो इतर भाडेकरूंसारखाच ताई म्हणतो. तो आपला देश सोडून बारा वर्षं परदेशातल्या संघांकडून खेळला, एवढंच तेव्हा मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, कारण रोज संध्याकाळी तो आमच्या फ्रिजमधला बर्फ मागायला यायचा. मी पिशवी भरून ठेवायचे.

एकदा मिरच्या परतताना ठसक्याने डोळा चुरचुरला, म्हणून त्याच्यासाठी भरलेली पिशवी मी दोन मिनिटं पापणीवर धरली. पिशवी काढली आणि सहज आरशात बघितलं. डावा डोळा टक्क उघडा. लग्नाच्या फोटोत आहे तसा. मी स्वतःकडे बघतच राहिले. थोड्या वेळाने पापणी पुन्हा खाली आली. दुसऱ्या दिवशी परत करून बघितलं, तिसऱ्या दिवशीही. दर वेळी तेच.

घरात सांगितलं असतं तर आत्याबाईंनी बर्फ घासून सर्दी करून घेतेस म्हणून झापलं असतं. बर्फ टेरेन्सचा होता, म्हणून त्याला सांगितलं. तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "ताई, ये डॉक्टर को बोलो. छोटा बात नहीं है. मैं छोटा बात बोल के बहुत गलती किया."

कसली चूक, ते मी तेव्हा विचारलं नाही.

नाव मिळालं तो दिवस

पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी अकरावी भाकरी लिहून घेतली, मग बर्फाचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली. मग त्यांनी हातमोज्यात बर्फ घालून माझ्या डोळ्यावर ठेवला. डोळा उघडला, तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. "आम्ही ही तपासणी अशीच करतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरीच करून आलात."

रक्त तपासलं, हाताला विजेचे बारीक झटके देऊन तपासलं, आणि नाव मिळालं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. त्यांनी सांगितलं ते मला समजलं ते असं. हाताला हल म्हणून निरोप निघतो, पण स्नायूपर्यंत धड पोचत नाही. वापराल तशी ताकद सरते. बसाल तशी परत येते. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, आणि थकायच्या आधी थांबायचं.

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रडले. दत्तात्रयांना वाटलं घाबरून रडतेय. मी रडत होते ते सुटल्यासारखं वाटून. मी आळशी नव्हते, ढोंगी नव्हते, वेडी तर नव्हतेच. माझ्या आजाराला नाव होतं आणि ते कागदावर छापलेलं होतं.

घरी आल्यावर दत्तात्रयांनी आत्याबाईंना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसलं की बरं वाटतं, ह्यो कसला आजार? बसलं की समद्यांनाच बरं वाटतं."

त्या बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना दिवसाउजेडी टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नैवेद्य

गोळ्यांनी गुण आला. स्टेरॉईडने तोंड सुजलं, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या तब्येत छान सुधारली. मीही स्वतःला बरी समजू लागले. दहा भाकरींनंतर थांबायचं ठरलं होतं, ते मी बारा, मग पंधरा, मग वीस करत नेलं. आणि मग गावदेवाची यात्रा आली.

आमच्याकडे यात्रेच्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि नैवेद्य करणारी बाई तो देवापुढे जाईपर्यंत तोंडात काही घालत नाही. मला हे कुणी सांगावं लागत नाही. तेवीस वर्षं मी तेच केलं होतं. गोळी घ्यायची तर सोबत बिस्किटाचा तुकडा लागतो, नाही तर पोट ढवळतं. मी म्हटलं, सातची गोळी नऊला घेऊ. नऊची वेळ गेली. पालखी वरच्या आळीत ढोल-लेझीम घेऊन थांबली होती. अकराची गोळीही तशीच डबीत राहिली. मला कुणी अडवलं नव्हतं. गोळी राहिली आहे हे मी कुणाला सांगितलंच नाही. यात्रेच्या दिवशी आपलं दुखणं काय सांगायचं, असं वाटलं, एवढंच.

नैवेद्य एक वाजून गेल्यावर गेला. तोवर मी चाळीसेक पोळ्या लाटल्या होत्या. मग भाडेकरूंची पंगत बसली. टेरेन्स भिंतीला टेकून, गुडघे कानाशी घेऊन बसला होता. मी वाढायला गेले आणि "तूप घ्या" म्हणायला तोंड उघडलं, तर शब्दच निघेना. आत जाऊन गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायले, तर पाणी गोळीसकट नाकातून बाहेर आलं. मान धरेना. आणि मग श्वास. तो येत होता, पण वरच्या वर. आत उतरत नव्हता.

"सुनंदे, काय व्हतंय? अगं बोल की," आत्याबाई म्हणत होत्या. दत्तात्रय पालखीबरोबर होते, ढोलात त्यांना फोन ऐकू येईना. टेरेन्सने ताट बाजूला सरकवलं, मला उचललं आणि शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूच्या गाडीत ठेवलं. आत्याबाई अनवाणी गाडीत चढल्या. चांदणी चौकापर्यंत त्यांनी माझी हनुवटी हातात धरून वर ठेवली होती, कारण सोडली की मान खाली पडायची. त्या रस्ताभर माझे श्वास मोजत होत्या. वीसच्या पुढे गेल्या की परत एकपासून सुरू करायच्या.

नळी आणि पाटी

नऊ दिवस माझ्या घशात नळी होती आणि श्वास यंत्र घेत होतं. भीती कशी होती ते सांगते, कारण कुणी सांगत नाही. मी पूर्ण शुद्धीत होते. सगळं ऐकू येत होतं. पण पापणी उचलता येत नव्हती, म्हणून लोकांना वाटे मी झोपलेय, आणि ते माझ्या उशाशी माझ्याबद्दल बोलत. दत्तात्रय मुलीला, प्राजक्ताला, म्हणाले, "आई घरी आली तरी आता आधीसारखी नसणार, आपण मनाची तयारी ठेवायची." मला ओरडून सांगायचं होतं की मला ऐकू येतंय. आधीसारखी नसणार तर मग मी कोण असणार, हा एकच विचार त्या दिवसांत माझ्या डोक्यात होता. तीस भाकरी सोडल्या तर त्या घरात माझी जागा कुठली?

बऱ्या गोष्टीही होत्या. सफाईच्या मावशी रोज सकाळी माझ्या केसांच्या दोन वेण्या घालायच्या. "शाळंत चाललीयास असं समज," म्हणायच्या. सहाव्या दिवशी बोटं हलू लागली तेव्हा सिस्टरनी मुलांची पाटी आणून दिली. मी पहिलं वाक्य लिहिलं: "मला ऐकू येतं." दत्तात्रय ते वाचून बाहेर निघून गेले आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसून परत आले.

आत्याबाई भेटायच्या वेळी यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. आत बोलवलं तरी खुर्चीवर बसायच्या नाहीत. एकदाच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "गोळी खायची व्हती तर खायची. देव काय दारात बसून बघत व्हता का, कोण काय खातंय?" मग पदराने माझं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

मूठ वर

टेरेन्स दर दोन दिवसांनी यायचा. मला बोलता येत नव्हतं आणि त्याला गप्प बसवत नव्हतं, म्हणून त्याने आपली कहाणी सांगायला घेतली. तो इंग्रजीत सांगायचा आणि प्राजक्ता मराठी करायची.

त्याच्या गावातला कारखाना तो शाळेत असतानाच बंद पडला होता. आई हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या खात्यात कामाला. कॉलेजच्या संघात तो चांगला खेळायचा. त्यांच्याकडे मोठ्या लीगचे संघ वर्षातून एकदा नवे खेळाडू निवडतात आणि ते टीव्हीवर दाखवतात. त्या दिवशी आईने शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. एकेक नाव पुकारलं गेलं. नावं संपली, त्याचं आलं नाही. शेजारी आपापली भांडी घेऊन हळूच निघून गेले.

नंतर फिनलंडमधल्या एका छोट्या गावाच्या संघाचा फोन आला. ते गाव त्याने आधी नकाशात शोधलं. तिथे दूध समजून तो आठवडाभर ताक प्यायला, कारण पुड्यावरचं काहीच वाचता येत नव्हतं. पुढे पोलंड, पोर्तुगाल, फिलिपिन्स. कुठे वर्षाचा करार, कुठे चार महिन्यांचा. दर वेळी नवी भाषा, नवी खोली, पलंग कायम अपुरा. शेवटी भारतात एक छोटा हंगाम, आणि मग ही शाळा.

"पोलंडमध्ये गुडघा सुजला," तो म्हणाला. "कोचला दिसत होतं. तो मला सहा मिनिटं खेळवायचा, मग बाहेर बसवायचा, मग परत सहा मिनिटं. मला तो अपमान वाटला. एवढ्या लांब मी बाकावर बसायला आलो होतो का? मी सुजेचं काही बोललो नाही. दुखत नाही म्हणून सांगितलं आणि भांडून एक अख्खा सामना खेळलो. त्या सामन्यात गुडघा गेला. आठवड्याभरात मला घरी पाठवलं. वर्ष वाया."

छोटी गोष्ट म्हणून केलेली चूक ती ही.

पोर्तुगालमध्ये त्याला एक म्हातारा खेळाडू भेटला. म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा. तो निम्मा सामना बाकावर असायचा, मांडीवर टॉवेल, नजर खेळावर. त्याने टेरेन्सला शिकवलं की दम संपायच्या आधी कोचकडे बघून मूठ वर करायची. म्हणजे, मला बाहेर घ्या, मी परत येणार आहे. या खेळात कितीही वेळा बाहेर जाता येतं, कितीही वेळा आत. फक्त पडायची वाट बघायची नाही. त्यानंतर टेरेन्स तसाच आणखी आठ वर्षं खेळला.

मी पाटीवर लिहिलं: "मग भाकरी कोण करणार?"

प्राजक्ताने वाचून दाखवलं. टेरेन्स म्हणाला, "दूसरा प्लेयर."

मी लिहिलं: "आमच्यात दुसरा प्लेयर नाही."

दारातून आवाज आला, "का? मी काय मेले व्हय?"

आत्याबाई कधी आल्या ते आम्हाला कळलं नव्हतं.

घर

महिन्याने मी घरी आले. दत्तात्रयांनी स्वयंपाकघरात भिंतीशी एक लाकडी बाकडं आणून ठेवलं होतं. नियम आत्याबाईंनी सांगितला: दहा भाकरी झाल्या की मूठ वर, आणि बाकड्यावर. पुढच्या दहा त्यांच्या, उरलेल्या दत्तात्रयांच्या. दत्तात्रयांच्या भाकरीला कुठल्या तरी तालुक्याच्या नकाशाचा आकार येतो, पण भाडेकरू बिचारे खातात.

सुरुवातीला मला बाकड्यावर बसवत नसे. आत्याबाई ओट्याशी आणि सून बसलेली, हे आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटायची. दहा झाल्यावर मी अकरावीचा गोळा हळूच मळायला घ्यायचे, आणि आत्याबाई माझं मनगट धरून तो काढून घ्यायच्या. "मूठ कुटं हाय?" म्हणायच्या.

वन्सं भेटायला आल्या त्या दिवशी मी बाकड्यावरच होते. त्या उंबऱ्यात थबकल्या. मी हसायचा प्रयत्न केला आणि तोंड पुन्हा तसंच झालं. आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि वळून न बघता लेकीला म्हणाल्या, "ती हळदीलाबी हसत व्हती. तिचं तोंड हसत न्हवतं." वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. निघेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

टेरेन्सचंही एक बाकी होतं. बारा वर्षं त्याने आईला फक्त आपल्या चांगल्या खेळाचे छोटे व्हिडिओ पाठवले होते. निम्मा वेळ बाहेर बसायचो हे कधी सांगितलंच नव्हतं. माझं सगळं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने आईला व्हिडिओ कॉल केला आणि सांगून टाकलं. त्याची आई खळखळून हसली. प्राजक्ताने मला सांगितलं, ती म्हणते, मला माहीत होतं, मी सगळे सामने कॉम्प्युटरवर पूर्ण बघत होते. तू बसलेला दिसलास की मी निवांत चहा प्यायचे. टेरेन्सने फोन ठेवला. मग त्याने बर्फ मागितला.

मी पूर्ण बरी झालेले नाही, होणार नाही. गोळ्यांच्या वेळा मोबाईलवर वाजतात. नैवेद्याच्या दिवशीही वाजतात आणि मी घेते. हसू सकाळी चांगलं येतं, म्हणून फोटो सकाळी काढते. आधीसारखी मी नाही. पण घरातली माझी जागा कुणी घेतली नाही, आणि भाकरी कुणी का थापेना, ती माझीच आहे, हे मला बाकड्यावर बसून कळलं.

परवाची गोष्ट. माझ्या दहा करून मी बाकड्यावर टेकले होते. आत्याबाई त्यांच्या करत होत्या. पाच झाल्या असतील. सहावीला त्या थांबल्या. परातीवर दोन्ही हात टेकून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं. मग त्यांनी पिठाने भरलेला उजवा हात उचलला आणि मूठ वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. नुसती मूठ.

मी उठले. त्या येऊन माझ्या जागी बाकड्यावर बसल्या, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. तेवीस वर्षांत मी त्यांना भर दिवसा टेकून बसलेलं पहिल्यांदा पाहत होते.

"बरं वाटतं गं," त्या म्हणाल्या.

मी हात धुतले आणि सहावी भाकरी थापायला घेतली.